वरून चांगलें, आंतून कुजलेलें

आपल्या वस्तूंतील जो दोष डोळ्यांस दिसत नाहीं, तो घेणाऱ्यास सांगणें हें विकणाऱ्याचें कर्तव्य आहे काय? तोंडानें खोटें न बोलतां केवळ गप्प राहिल्यानें मनुष्य निर्दोष ठरतो काय? ह्या प्रश्नाचा विचार करण्यासाठीं मुंबई बंदरांतलें एक उदाहरण घेऊं.

अपोलो बंदरासमोर शिडाच्या क्रीडानौका नांगरलेल्या असतात. फायबरच्या जुन्या नौकेचा डेक एकजिनसी दिसतो, परंतु पुष्कळदां तो तीन थरांचा असतो. वर व खालीं कांचतंतु आणि राळ यांचें पातळ कवच, आणि मध्यें बाल्सा नांवाच्या हलक्या लांकडाचा किंवा प्लायवुडचा गाभा. दोन्ही कवचें एकमेकांपासून दूर धरणें हें गाभ्याचें काम. त्यामुळेंच थोड्या वजनांत डेक ताठ राहतो.

दोर बांधण्याचे खुंटे बसविण्यासाठीं ह्या डेकला भोंकें पाडतात. त्यांतील लुकण कालांतरानें सुटतें व पावसाचें पाणी आंत झिरपतें. कुलाब्यास वर्षाकांठीं २००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. आणि नवल हें कीं, समुद्राच्या खाऱ्या पाण्यापेक्षां हें गोडें पाणीच लांकडास अधिक कुजवितें. ओल शेंकडा २० च्या आंत असली तर बुरशी वाढत नाहीं. पण कवचामुळें आंत शिरलेली ओल बाहेर पडत नाहीं. वर रंग चकाकतो, आंत गाभ्याचा चिखल होतो.

जाणता कारागीर हातोडीनें ठोकून पाहतो. सुक्या जागीं आवाज खणखणीत, कुजक्या जागीं बद्द. मग वरचें कवच कापावें, कोरडें लांकूड लागेपर्यंत ओला गाभा काढावा, उरलेला वाळवावा, आणि नवा गाभा इपॉक्सीनें बसवावा. काम कष्टाचें व खर्चाचें. म्हणून कोणी बारीक छिद्रांतून राळ सोडतो. पण ओल्या लांकडांत ती मुरत नाहीं. कोणी नुसता रंगच चढवितो.

अशी रंगविलेली नौका विकणारा म्हणेल, ‘मीं खोटें कांहींच सांगितलें नाहीं.’ मग रंग कशाकरितां लाविला? जिभेचें काम त्यानें कुंचल्यास दिलें, इतकेंच. दुसरा म्हणेल, ‘घेणाऱ्यानें पाहून घ्यावें.’ परंतु दुसऱ्याचा डेक कापून पाहण्याचा अधिकार घेणाऱ्यास कोठें आहे? शिवाय वाऱ्यांत खुंटा उपटून आला, तर जीव धोक्यांत येतो तो खलाशाचा. त्यास ह्या सौद्यांत एक पैसाही मिळालेला नसतो. तिसरा म्हणेल, ‘मला ठाऊकच नव्हतें.’ न कळणें निराळें, आणि कळेल ह्या भयानें हातोडी न उचलणें निराळें. हें दुसरें अज्ञान नव्हे. तो स्वतःशींच केलेला लबाडपणा होय.

मालकाच्या हुकुमानें रंग देणाऱ्या गरीब कारागिराची अडचण खरी आहे. नकार त्यास महाग पडतो हें आम्ही जाणतों. तरी बद्द आवाज ऐकल्याचें मालकास स्पष्ट सांगणें त्यास चुकत नाहीं.

जुनें होणें ही लाज नव्हे. ह्याच मुंबईंत जमशेटजी बमनजी वाडिया यांनीं बांधलेली, १८१७ सालीं पाण्यांत उतरलेली सागवानी ‘ट्रिंकोमाली’ इंग्लंडांत हार्टलपूल येथें अद्याप तरंगत आहे. १९९० पासून सुमारें दहा वर्षें तिची दुरुस्ती चालली. त्यानें तिचा मान उणा झाला नाहीं.

वाचकहो, दोष उघडून दाखविल्यानें किंमत उतरते हें खरें. परंतु उतरते ती वस्तूची. झांकल्यानें जी उतरते, ती आपली.