सोपविलेली ठेव



नागपूरहून रायपूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर राजनांदगाव हे स्टेशन लागते. या वाटेवरील एक प्रसंग मराठी ख्रिस्ती माणसाला सहसा ठाऊक असतो. १८९३ च्या सुमारास नारायण वामन टिळक नोकरीनिमित्त राजनांदगाव संस्थानाकडे निघाले होते. डब्यात अर्नेस्ट वॉर्ड नावाचे एक मिशनरी भेटले, बोलणे झाले आणि निरोप घेताना त्यांनी टिळकांच्या हाती नव्या कराराची प्रत ठेवली. टिळक ती वाचू लागले आणि डोंगरावरील प्रवचनापाशी येऊन खिळून राहिले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्याने त्यांच्या पदरी प्रथम पडला तो विरह आणि बहिष्कार. लक्ष्मीबाई कित्येक वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या.

आज त्याच गाडीत, त्याच बाकावर, एखादा जिज्ञासू मनुष्य आपल्यासमोर येऊन बसला आणि तुमचा विश्वास तरी काय आहे असे त्याने विचारले, तर त्याच्या हाती आपण काय ठेवू? हा प्रश्न मी आपणांस विचारण्यापूर्वी स्वतःला विचारून पाहिला आहे आणि उत्तर देताना थोडा अडखळलोही आहे. सुवार्तावादी म्हणविणाऱ्या मंडळ्यांत सिद्धांताची घसरण होत आहे, अशी चिंता आपल्या सभांतून वरचेवर व्यक्त होते. ती खरी आहे काय, आणि खरी असल्यास त्यात नेमका दोष कोणता, याचा शांतपणे विचार करावा, एवढ्याच हेतूने हे लिहीत आहे.

विचाराला आधार म्हणून रायपूर व त्याच्या आसपासच्या प्रदेशाचा इतिहास घेऊ. कारण या घसरणीच्या दोन वाटा छत्तीसगडच्या मातीतून स्पष्ट दिसतात.

१८६८ साली ऑस्कर लोर हे मिशनरी रायपूर भागात आले. पूर्वी ते गोस्नर मिशनतर्फे छोटा नागपुरात होते. १८५७ च्या धामधुमीत त्यांना देश सोडून अमेरिकेस जावे लागले होते. आता त्यांना पाठविणारी संस्था होती जर्मन इव्हँजेलिकल मिशन सोसायटी. गुरू घासीदासांचे अनुयायी सतनामी मूर्तिपूजा मानीत नाहीत, एका सत्यनामाचा जप करितात, हे ऐकून लोर यांच्या आशा पल्लवित झाल्या आणि त्यांनी बिसरामपूरची वसाहत उभारली. पुढे हे कार्य अमेरिकेतील इव्हँजेलिकल सिनडकडे गेले. ‘इव्हँजेलिकल’ म्हणजे सुवार्तेचे, हे त्या मंडळीचे नावच होते. मुख्य गोष्टींत ऐक्य, गौण गोष्टींत स्वातंत्र्य आणि सर्व गोष्टींत प्रीती, या अर्थाचे तिचे ब्रीद होते. ब्रीद सुंदर आहे. परंतु मुख्य कोणते आणि गौण कोणते, हे जोवर प्रत्येक पिढी नव्याने शिकते तोवरच ते सुंदर राहते.

तसे झाले नाही, ही साक्ष त्याच सिनडच्या एका पुत्राने दिली आहे. एच. रिचर्ड नीबूर हे याच मंडळीत वाढले, तिचेच दीक्षित पाळक झाले आणि पुढे येल विद्यापीठात शिकवू लागले. १९३७ साली अमेरिकेतील ख्रिस्ती विचारावर लिहिलेल्या ग्रंथात त्यांनी उदारमतवादी उपदेशाचे जे परीक्षण केले, ते आजही झोंबते. देवाचा क्रोध, मनुष्याचे पाप, न्यायाचा दिवस आणि ख्रिस्ताचा वधस्तंभ, ही चारही त्या उपदेशातून गळून पडली होती, आणि तरीही त्याला शुभवर्तमानच म्हटले जात होते, असा त्यांचा आशय होता. लक्षात घ्या, ही चार सत्ये कोणी सभा भरवून, ठराव करून नाकारली नव्हती. ती फक्त बोलली जाईनाशी झाली. ज्याविषयी आजोबांनी जीव पाखडला, ते पित्याने गृहीत धरले आणि पुत्राला ते आठवेना. मौनाने होणारी ही पहिली घसरण.

दुसरी वाट याहून सूक्ष्म आहे. डोनाल्ड मॅकगव्हरन यांचा जन्म १८९७ साली दमोह येथे मिशनरी घराण्यात झाला. डिसायपल्स ऑफ ख्राईस्ट मिशनचे ते सेवक. शाळा चालतात, दवाखाने चालतात, पण मंडळी का वाढत नाही, हा प्रश्न त्यांना अस्वस्थ करी, आणि तो प्रश्न प्रामाणिक होता. १९३० च्या दशकाच्या मध्यापासून १९५४ पर्यंत त्यांनी छत्तीसगडातील सतनाम्यांमध्ये सुवार्ताकार्य केले. अपेक्षेच्या मानाने फळ थोडेच आले, परंतु त्या अनुभवातून १९५५ साली ‘द ब्रिजेस ऑफ गॉड’ हे पुस्तक निघाले आणि मंडळी-वाढीचे एक शास्त्रच उभे राहिले. जात, भाषा वा वर्ग यांची कुंपणे न ओलांडता ख्रिस्ती होता आले तर माणसांना ते आवडते, हे त्यांचे निरीक्षण जगभर गाजले.

मॅकगव्हरन स्वतः सिद्धांताला ढिले नव्हते. जागतिक मंडळी परिषदेच्या १९६८ च्या उप्सला येथील अधिवेशनाच्या वेळी, ज्या कोट्यवधींनी सुवार्ता ऐकलेली नाही त्यांना विसरू नका, असे त्यांनी खडसावून विचारले. तथापि त्यांच्या अनुयायांपैकी अनेकांच्या हाती हे निरीक्षण कसोटी बनले. जे वाढते ते बरोबर, जे वाढत नाही ते चुकीचे, असा हिशेब सुरू झाला. छत्तीसगडच्या खेड्यांत सुचलेला विचार कॅलिफोर्नियास गेला, तेथील भव्य सभागृहांत त्याला बाजाराची भाषा चिकटली, आणि दूरदर्शन वाहिन्यांवरून व आता भ्रमणध्वनीवरून तो पुन्हा आपल्या घरी आला. श्रोत्यांना काय हवे ते आधी विचारावे आणि मग तेवढेच द्यावे, ही त्याची रीत. कानांची खाज भागविणारे शिक्षक लोक स्वतःसाठी जमवतील, असे पौलाने तीमथ्याला सांगून ठेवले होते. आपण त्या शिक्षकांना दोष देतो, परंतु जमविणारे लोक कोण, हे विचारत नाही.

यात सर्वांत आधी बळी जाते ते आपल्याच समाजाला अत्यंत आवश्यक असलेले सत्य. ख्रिस्तात यहूदी-हेल्लेणी, दास-स्वतंत्र हा भेद राहत नाही, हे पौलाने गलतीकरांस लिहिले. तेथे ते केवळ सद्भावनेचे वाक्य नसून तारणाच्या सिद्धांताचा भाग आहे. कृपेनेच तारण असेल तर जातीच्या मोठेपणाला उभे राहण्यास जागाच उरत नाही. वाढीसाठी कुंपणे राहू द्या म्हणणारी मंडळी संख्या मिळवील, पण दलित विश्वासणाऱ्याला वधस्तंभापाशी जी समान भूमी मिळावयास हवी, ती त्याच्या पायाखालून काढून घेईल.

वाचकहो, याचा आणखी एक परिणाम आपण नीट पाहावा. १९५४ साली मध्य प्रदेश सरकारने नियोगी समिती नेमली. १९५६ साली तिचा अहवाल प्रसिद्ध झाला. प्रलोभने दाखवून धर्मांतरे होतात हा तिचा मुख्य आरोप. १९६८ साली त्या राज्यात बळजबरी, प्रलोभन व फसवणूक यांनी होणाऱ्या धर्मांतराविरुद्ध कायदा झाला, आणि २००० साली छत्तीसगड वेगळे झाले तेव्हा तो त्या राज्यालाही लागू राहिला. अहवालातील सरसकट दोषारोपांविरुद्ध आपल्या वडीलधाऱ्यांनी आवाज उठविला आणि ते योग्यच होते. परंतु प्रांजळपणे मान्य केले पाहिजे की बिसरामपुरात मिशन हेच गावाचे मालगुजार होते, दुष्काळांत अनाथ मुलांना आश्रयही मिशननेच दिला, त्यामुळे विश्वास आणि भाकरी यांची गुंतागुंत तेव्हापासूनची आहे. तरीही त्या जुन्या सेवकांनी पश्चात्ताप शिकविला. आज जो उपदेशक व्यासपीठावरून सांगतो की येशूकडे या म्हणजे कर्ज फिटेल, रोग जाईल, व्हिसा मिळेल, तो नियोगी समितीचा आरोप स्वतःच्या तोंडाने खरा करीत असतो. शुद्ध शुभवर्तमानात प्रलोभन असूच शकत नाही. कारण त्यात प्रथम वधस्तंभ उचलण्याचे आमंत्रण आहे. सिद्धांत सोडल्याने आपले शेजाऱ्यांपुढील सत्यवक्तेपणही जाते.

आता बस्तरकडे पाहा. जानेवारी २०२५ मध्ये तेथील छिंदवाडा गावच्या एका वृद्ध पाळकाचे निधन झाले. गावच्या दफनभूमीत मूठमाती देण्यास विरोध झाला. उच्च न्यायालयात दाद मिळाली नाही. देह सुमारे तीन आठवडे शवागारात राहिला आणि पुत्र सर्वोच्च न्यायालयाच्या दारी उभा राहिला. २७ जानेवारी रोजी दोन न्यायमूर्तींत मतभेद झाला. एकांच्या मते कुटुंबाच्या खाजगी जमिनीत दफन होऊ द्यावे, दुसऱ्यांच्या मते नेमलेल्या ख्रिस्ती दफनभूमीतच व्हावे. अखेर देह अधिक काळ ठेवू नये म्हणून करकापाल येथील, काही कोसांवरच्या, ख्रिस्ती दफनभूमीत तो ठेवण्याचा आदेश झाला.

त्या शवागाराबाहेर बसलेल्या कुटुंबाला समृद्धीचा उपदेशक काय सांगणार? विश्वास ठेवा, सर्व ठीक होईल, असे? त्यांचा विश्वास होता, म्हणून तर हे घडले. आणि ज्या उदार उपदेशातून न्यायाचा दिवस गळून पडला, तो तरी काय सांगणार? मातीला पारख्या झालेल्या देहासंबंधी ज्याला काही बोलता येते, असा एकच उपदेश आहे: देहाचे पुनरुत्थान होईल, न्याय करणारा एक आहे, आणि तो स्वतः उसन्या कबरेत ठेवला गेला होता. मतांगीकारातील जी वाक्ये आपण रविवारी घाईघाईने म्हणून टाकतो, ती त्या अंगणात अन्नासारखी लागतात.

म्हणूनच सिद्धांताची घसरण हा मला प्रथम बुद्धीचा दोष वाटत नाही. पौलाने तीमथ्याला ठेव सांभाळण्यास सांगितले. आपल्या गावाकडे ठेव म्हणजे काय ते सर्वांना कळते. विधवेने सोन्याचे चार मणी विश्वासाने शेजारी ठेवले, तर ते शेजाऱ्याचे होत नाहीत. तिच्या अडचणीच्या दिवशी ते तिला परत मिळावयाचे असतात. त्याने ते मध्येच मोडून खाल्ले, तर आपण त्याला अडाणी म्हणत नाही, विश्वासघातकी म्हणतो. सुवार्तेचे सत्य हे बस्तरच्या त्या कुटुंबाचे, गाडीतील त्या जिज्ञासूचे, उद्या जन्मणाऱ्या नातवंडांचे आहे. आपण ते केवळ सांभाळीत आहोत. ते सभेच्या गर्दीसाठी मोडण्याचा अधिकार आपणांस नाही.

येथे एक आक्षेप येईल आणि तो यावा. सिद्धांतासाठी भांडणारी माणसे अनेकदा कोरडी व कठोर असतात, आणि त्यांच्या भांडणांतून मंडळ्या फुटतात, हे खोटे आहे काय? खोटे नाही. पंडिता रमाबाईंचे उदाहरण घ्या. १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्रैक्यासारख्या विषयांवर त्यांनी आपल्या धर्ममातेशी, सिस्टर जेराल्डीन यांच्याशी, पत्रांतून निर्भीड वाद घातला. कोणी सांगितले म्हणून मान्य करणे त्यांना जमत नव्हते. पुढे त्यांनीच लिहिले की ख्रिस्ती धर्म आपणांस आधी लाभला होता, ख्रिस्त काही वर्षांनी लाभला. म्हणजे केवळ मतांचा स्वीकार पुरेसा नव्हता. परंतु त्या बाईंनी मग काय केले? शास्त्र बाजूला ठेवले? आयुष्याची अखेरची वर्षे त्यांनी संपूर्ण पवित्र शास्त्र साध्या मराठीत उतरविण्यात घालविली. १९२२ साली त्यांचे निधन झाले आणि १९२४ साली ते भाषांतर प्रसिद्ध झाले. जिने प्रश्न विचारले, तिनेच ठेव अशिक्षित बायाबापड्यांच्या हाती पोहोचती केली.

इफिस येथील मंडळीने खोट्या प्रेषितांची पारख केली म्हणून प्रभूने तिची प्रशंसा केली, आणि त्याच पत्रात पहिली प्रीती सोडल्याबद्दल तिला दोष दिला. ठेव मोडून खाणारा जसा अपराधी, तसा दाखल्यातील रुपया जमिनीत पुरून ठेवणाराही. ज्याच्या शुद्ध मताने कोणाचे अश्रू पुसले नाहीत, त्याने आपली ठेव पुरूनच ठेवली आहे.

नागपूर येथे २९ नोव्हेंबर १९७० रोजी उत्तर भारताची मंडळी स्थापन झाली, तेव्हा लोर यांच्या कार्यातून उभ्या राहिलेल्या मंडळ्या आणि मॅकगव्हरन यांच्या मिशनच्या मंडळ्या, दोन्ही तीत सामील झाल्या. दोन्ही वाटांचा वारसा आज एकाच छत्राखाली आहे, आणि बाहेरच्या स्वतंत्र मंडळ्याही त्यातून सुटलेल्या नाहीत. तेव्हा दुसऱ्याच्या मंडळीकडे बोट दाखवून आपले काम होणार नाही.

आपण एक करून पाहावे. आपल्या मंडळीत गेल्या बारा रविवारी झालेले उपदेश आठवावे व कागदावर लिहावे की त्यांत पाप, वधस्तंभ, पुनरुत्थान आणि न्याय हे शब्द कितीदा आले. मग दुसऱ्या बाजूस लिहावे की त्या तीन महिन्यांत मंडळी म्हणून आपण कोणत्या दुःखिताच्या दारी गेलो. दोन्ही रकाने पाळकांना दाखवावे, रागाने नव्हे, सहकारी म्हणून. आणि पाळकांना दाखविण्यापूर्वी, घरी मुलांना शेवटचे शास्त्र कधी वाचून दाखविले, तो तिसरा रकाना स्वतःसाठी भरावा. माझा तिसरा रकाना पाहून मला लाज वाटली, हे सांगितल्यावाचून हा लेख संपविणे योग्य होणार नाही.

गाडी अजूनही नागपूरहून राजनांदगावमार्गे रायपूरला जाते. समोरच्या बाकावर कोण येऊन बसेल, हे आपल्या हाती नाही. त्याला देण्याजोगे आपल्यापाशी काही उरलेले असावे, एवढी प्रार्थना आपण मिळून करू.