सेहेचाळीस वर्षांनी

शास्त्रपाठ : उत्पत्ति ३३:१-११



एसाव चारशे माणसे घेऊन येत आहे हे ऐकताच याकोबाची गाळण उडाली. वीस वर्षांपूर्वी ज्या भावाला फसवून तो पळाला होता, तोच आता समोरून येत होता. पण एसावाने धावत येऊन त्याला मिठी मारली आणि दोघेही रडले. हा भाग वाचताना आम्हाला दोन वैमानिकांची आठवण होते.

दुसऱ्या महायुद्धात, २० डिसेंबर १९४३ रोजी, जर्मनीतील ब्रेमेनवरील हल्ल्यात एक अमेरिकन बाँबफेकी विमान जबर मोडले आणि ताफ्यापासून मागे पडले. एकवीस वर्षांचा चार्ली ब्राऊन ते चालवीत होता. शेपटाकडचा सोबती मरण पावला होता, बाकीचे कित्येक जखमी होते. इतक्यात फ्रान्झ स्टिग्लर हा जर्मन वैमानिक आपले लढाऊ विमान घेऊन मागून आला. त्याचा सख्खा भाऊही वैमानिक होता व १९४० साली मरण पावला होता. सूड घ्यावयास याहून सोपी वेळ कोणती? परंतु फाटलेल्या पत्र्यातून त्याला आतली माणसे दिसली. ती जखमी सोबत्यांना सांभाळीत होती. हवाई छत्रीने उतरणाऱ्या असहाय शत्रूवर गोळी झाडावयाची नाही, अशी त्याच्या एका वरिष्ठाची सक्त ताकीद होती. हीही माणसे तशीच असहाय, हे त्याने ओळखले. त्याने गोळी झाडली नाही. समुद्रापर्यंत तो त्यांच्या शेजारून उडत गेला, सलाम केला आणि माघारी वळला.

चार्ली इंग्लंडला पोहोचला. ही हकिगत बोलू नकोस, असे वरिष्ठांनी त्याला बजावले. फ्रान्झला तर तोंड उघडण्याची सोयच नव्हती. शत्रूला सोडले म्हणून देहदंड झाला असता. एकाला आपला प्राण राखणाऱ्याचे नाव ठाऊक नव्हते. दुसऱ्याला ती माणसे जगली की बुडाली, हे ठाऊक नव्हते.

१९८६ साली वैमानिकांच्या एका मेळाव्यात चार्लीला जुन्या आठवणी विचारण्यात आल्या, तेव्हा ही गोष्ट त्याच्या ओठी आली आणि त्याने शोध आरंभिला. वैमानिकांच्या एका पत्रिकेत त्याने पत्र छापविले. १९९० च्या जानेवारीत कॅनडाहून उत्तर आले : तो मीच! त्याच वर्षी सिएटल येथे दोघे म्हातारे एकमेकांच्या गळ्यात पडून रडले. पुढे फ्रान्झने सांगितले की, गमावलेल्या भावाइतकाच चार्ली आपणास प्रिय आहे. २००८ साली, काही महिन्यांच्या अंतराने, दोघेही निवर्तले.

कोणी याला योगायोग म्हणतील. आम्ही त्यात देवाचा हात पाहतो. परंतु एक गोष्ट ध्यानी घेऊ या : शोधावयास कोणीतरी निघाले, म्हणूनच भेट झाली.

आणि आपण? आपल्या मंडळ्यांत सख्खे भाऊ एकाच मंदिरात दोन टोकांना बसतात. वडिलांच्या घराची वाटणी, पंचांची निवडणूक, लग्नात राहून गेलेले आमंत्रण, एवढेच कारण असते. त्यांच्यामध्ये समुद्र नाही, फक्त एक भिंत आहे. तरी वर्षे लोटतात, आणि प्रभुभोजनाला दोघेही येतात! अर्पण वेदीपुढे ठेवून आधी भावाकडे जा, ही प्रभूची आज्ञा (मत्तय ५:२३, २४) आपणास पाठ आहे. पाय मात्र उचलत नाहीत. “त्याने आधी यावे” असे दोघेही म्हणतात, आणि एके दिवशी एकाची शवपेटी आधी येते.

बंधुजनहो, आपणही एकदा असेच असहाय होतो. आपण शत्रू असतानाच देवाने आपल्याशी समेट केला (रोम ५:१०). फ्रान्झने जीव धोक्यात घालून शत्रूला जाऊ दिले. प्रभु येशूने तर वधस्तंभावर आपला प्राणच दिला. ज्याला एवढी क्षमा मिळाली, त्याने भावाच्या दारापर्यंतची चार पावले मोजीत बसावे काय?

येत्या रविवारी मंदिरात येण्यापूर्वी आपण ते दार ठोठावू या. कदाचित आतला माणूसही कित्येक वर्षे त्याच आवाजाची वाट पाहत असेल.

हे देवबापा, आमचे ताठ मन नरम कर आणि उशीर होण्यापूर्वी आम्हाला आमच्या भावाकडे ने. येशूच्या नावाने मागतो. आमेन.