पाय पाहून अंथरूण

ज्याच्यासाठी गोधडी शिवायची आहे, त्याचे पाय आधी आठवा.

चेहरा लगेच डोळ्यांसमोर येईल, आवाजही येईल. येऊ द्या, पण तिथे थांबू नका. झोपेतले पाय आठवा. लेक गुडघे पोटाशी घेऊन झोपते की पालथी? वडिलांच्या टाचांना भेगा आहेत का, आणि त्या पांघरुणात अडकतात का? नातू पहाटे सगळं लाथाडून उघडा पडतो का? उत्तर आठवत नसेल तर घाई करू नका, त्या प्रश्नापाशीच थोडं बसा. घरातल्या माणसाला आपण वर्षानुवर्षं पाहतो, पण बहुतेक जागेपणी. त्याच्यासाठी काही ऊबदार करायचं ठरलं की त्याची झोप आठवावी लागते.

अंथरूण पाहून पाय पसरावे, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. ज्याला हाती आहे तेवढ्यात भागवायचं आहे, त्याच्यासाठी ते खरंच आहे. शिवायला बसलेल्या बाईचं काम मात्र नेमकं उलटं. ती आधी पाय पाहते आणि मग त्यांना पुरेल असं अंथरूण करते. आज एवढंच मनात धरायचं आहे.

आता मनाने गुंजवण्यात या. पुण्याहून नसरापूर, मार्गासनी, साखर, आणि मग राजगडाच्या पायथ्याचं हे गाव. गुंजवणी नदीचं खोरं, जुनं गुंजण मावळ. दिवाळी सरली आहे, भात कापून झोडून झालं आहे. पावसाळ्यात इथल्या बाईच्या हातात सुई यायची नाही. चिखलणी आणि लावणी दिवस खाऊन टाकतात, शिवाय कापड वाळायला ऊन नसतं. गोधडीचे दिवस म्हणजे सुगीनंतरचे, वळवाच्या आधीपर्यंतचे. गड गावाच्या नैऋत्येला आहे आणि हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून जातो, त्यामुळे दुपार कलते ती गडाच्या अंगाला. उजेड चांगला आहे तोवर ओट्यावर बसून घ्या. पाठ भिंतीला टेकवा. खांदे सैल सोडा.

लुगडं हातात घ्या. घरात आजीचं एखादं सुती नऊवारी असेल तर तेच घ्या. नसेल तर आईचं पातळ चालेल, कुणाचं तरी खूप नेसलेलं. नव्या कापडात खळ असते, ते अंगाला चिकटत नाही आणि घामही टिपत नाही. धुऊन धुऊन खळ गेली, सूत सैल झालं, की ते अंगाशी येतं. म्हणून गोधडीला जुनं लागतं. जुन्या कापडाची भेट द्यायला संकोच वाटतो असं अनेक जण म्हणतात. मला तो संकोच पटत नाही. अंगाला लागणारी गोष्ट जुन्याचीच चांगली होते. बंगालातल्या कांथेला आणि बिहारमधल्या सुजनीलाही जुन्या साड्यांचेच थर लागतात, आणि सुजनी तर तान्ह्या बाळासाठी शिवत आले आहेत.

आता बोटांनी लुगडं चाचपा. बसण्याच्या जागी, काष्ट्याजवळ, ते विरलेलं असेल. चुलीपुढे, बांधावर, जात्याशी बसणं झालं ते तिथे. खांद्यावरून गेलेला पदर उन्हाने फिका पडलेला असेल. निऱ्यांच्या आतला भाग मात्र अजून रंग धरून असतो. विरलेल्या जागेवर तळवा ठेवा आणि थांबा. जिने हे नेसलं तिची बसण्याची ढब आठवते का ते पाहा. आठवली तर तिच्यासोबत थोडं बसा.

नऊ वार म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर. लांबीत दोनदा दुमडा. चार पदर एकावर एक येतात आणि लांबी दोन मीटरहून थोडी अधिक भरते, म्हणजे उंच माणसाच्या डोक्यापासून टाचेपर्यंत. नऊवारीचा हा हिशोब मला फार आवडतो. बाईच्या अंगाभोवती फिरलेलं वस्त्र उलगडून चौपदरी केलं की एका झोपलेल्या देहाला पुरतं. थंडी असेल तर आत आणखी एक लुगडं घालायचं. ऊब कापडात नसते, पदरांच्या मध्ये अडकून राहिलेल्या हवेत असते. म्हणून एका जाड थरापेक्षा बरेच पातळ थर बरे. विरलेलं आत ठेवा, टिकाऊ असेल ते वर आणि खाली, काठ कडेला. कोपऱ्यांवर वरवंटा, दगड, जे हाताशी असेल ते ठेवा. मधून बाहेर असा तळहात फिरवत चुण्या काढा. हे करताना श्वास आपोआप लांब होतो. होऊ द्या.

पहिला टाका घ्या. सुई जाडच हवी, आणि बोटात अंगुस्तान. धावदोरा साधा असतो, खाली एक वर एक. तरी चार-सहा पदरांतून सुई आरपार काढायला जोर लागतो. सुई आत जाते तेव्हा श्वास सोडा, दोरा ओढून घेताना श्वास घ्या. बाकी काही नको. कडेने सुरू करून आत आत यायचं, चौकोनात चौकोन. प्रत्येक कोपऱ्यावर वळायच्या आधी पुन्हा एकदा तळहात फिरवायचा, नाहीतर सगळा फुगवटा ढकलला जाऊन मध्ये गोळा होतो आणि तो तिथे बसवता येत नाही.

काही ओळींनंतर मन भटकेल. आधी ते गोड आठवणी काढेल. मग दुसऱ्याही निघतील. ज्याच्यासाठी शिवता आहात तो कधी तोडून बोलला असेल. सणाला यायचं कबूल करून आला नसेल. तुम्ही फोन केला तेव्हा घाईत असेल, नंतरही त्याने केला नसेल. राग येईल. तो दाबू नका, आणि क्षमा करण्याची सक्तीही स्वतःवर करू नका. फक्त हात थांबवू नका. राग असताना घेतलेला टाकाही चारही पदर धरून ठेवतो. माया दाटून आली म्हणून टाका चांगला पडत नाही, लक्ष असलं की पडतो. हे मला या कामातलं सर्वांत दिलासा देणारं वाटतं. घरातल्या माणसावर प्रत्येक क्षणी प्रेम वाटलं पाहिजे असं ओझं उरत नाही. त्याचे पाय झाकले जावेत एवढी इच्छा टिकली तरी पुरे, आणि ती रागातही टिकते.

डोळे शिणले असतील, तर मान वर करा. समोर राजगड आहे. जवळजवळ पाव शतक शिवरायांची राजधानी याच गडावर होती. ५ सप्टेंबर १६५९ रोजी त्यांच्या राणी, संभाजीराजांच्या आई सईबाई इथेच गेल्या. पायथ्याला पाल येथे त्यांची समाधी आहे. संभाजीराजे तेव्हा सव्वादोन वर्षांचे होते. त्यांना अंगावर पाजलं होतं ते कापूरहोळच्या धाराऊ गाडे यांनी, आणि कापूरहोळ शेजारच्या भोर तालुक्यातलंच. गडाची उंची चार हजार फुटांहून अधिक, आणि वरचा वारा कशालाही न जुमानणारा. त्या पावसाळ्यात, आई गेल्यानंतरच्या रात्रींत, कुणीतरी उठून त्या लेकराच्या पायांवर पांघरूण ओढलं असणार. बखरींना लढाया आणि तह सांगायचे असतात, या हाताशी त्यांचं काम नसतं. राजाच्या मुलाला आणि गुंजवण्यातल्या शेतकऱ्याच्या मुलाला पहाटे लागणारी थंडी मात्र एकच. त्या उठणाऱ्या हाताचा थोडा वेळ विचार करा. तो दूध पाजणाऱ्या बाईचाच असेल असं नाही. कुणाचाही असेल. तुमच्या घरातही असा एक हात होता, म्हणून तुम्ही रात्रीचे उघडे राहिला नाहीत.

मग पुन्हा सुईकडे या.

लोकरीचे पायमोजे विणणाऱ्या बाईलाही असंच करावं लागतं. टाचेपाशी टाके कमी-जास्त करत वीण वळवायची, आणि ते वळण एका ठरावीक पायासाठीच. गोधडी त्या मानाने मोकळी आहे, तिच्यात कुणीही मावतं. तरी शिवणारीला माहीत असतं कोण निजणार आहे. उंच मुलासाठी ती पायाकडची बाजू वीतभर वाढवते. म्हाताऱ्या सासऱ्यांसाठी गोधडी हलकी ठेवते, कारण जड पांघरूण त्यांना रात्री उचलून सारता येत नाही. हे कुणी तिला सांगत नाही आणि ज्याला गोधडी मिळते त्याच्या ते लक्षातही येत नाही. तुम्हीही आता आपल्या माणसासाठी असा एखादा बारीकसा बदल ठरवा. लांबी, जडपणा, गळ्याशी येणाऱ्या कडेचा मऊपणा, काहीही. तो कुणाला सांगू नका.

सावली अंगणात आली की सुई ठेवा. गोधडी एका बैठकीत होत नाही, व्हायलाही नको. उद्या बसाल तेव्हा पहिल्यांदा पुन्हा तेच पाय आठवा, मग सुई उचला. मधल्या चौकोनाशी पोहोचाल तेव्हा कदाचित चैत्र उजाडला असेल. गाठ मारा, दोरा तोडा, एकदा धुऊन कडक उन्हात घाला आणि पाऊस यायच्या आत पाठवा. एसटीत कुणी पुण्याला निघालं असेल तर त्याच्याबरोबरही जाते.

देताना किती दिवस लागले ते सांगू नका. ती रोज वापरायची आहे, कपाटात घडी करून ठेवायची नाही, एवढं मात्र बजावून सांगा. दिवाळीच्या आधी एकदा आणि उन्हाळ्यात एकदा उन्हात टाकायची. कुठे उसवली तर दोन टाके घालायचे. फारच विरली तर फेकायची नाही, गुंजवण्याला परत पाठवायची. वरून नवं लुगडं चढवलं की तीच गोधडी आतल्या थराला लागते.