मिटल्या ओठांचा हुंकार

आई गेल्यावर तिच्या जपाचं एवढंच ध्वनिमुद्रण माझ्यापाशी उरलं: एकदा उच्चारलेलं 'राम'. परवा रात्री ते डिलेमधून, म्हणजे आवाज ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा ऐकवणाऱ्या यंत्रणेतून सोडलं. अंतर ४०० मिलिसेकंद, फीडबॅक (दर फेरीला परत फिरणारा आवाज) ७० टक्के. दहाव्या आवर्तनाला आवाजाची पातळी मूळच्या ३ टक्क्यांवर येते. ते विझणं मला ऐकवेना. फीडबॅक १०० वर नेला. आता शब्द विझेना, पण झिजू लागला, कारण वाटेतला फिल्टर दर फेरीला वरची कंपनं थोडी थोडी खातो. आधी 'र'ची धार गेली, मग 'आ'चा मोकळेपणा. मागे राहिला मिटल्या ओठांचा हुंकार.

१९६९ मध्ये अमेरिकन संगीतकार अल्विन लूसिए यांनी आपलं बोलणं असंच खोलीत वाजवून पुन्हा पुन्हा ध्वनिमुद्रित केलं. शेवटी शब्द विरले आणि खोलीचे स्वतःचे अनुनादी स्वर तेवढे घुमत राहिले.

परवाच्या रात्रीपासून विचारतोय: चाळीस वर्षं एकच नाव घेताना आईत काय घुमत होतं? नाव, की नावाने जागी झालेली ती स्वतः? माझा कल दुसऱ्या उत्तराकडे आहे. अखेरच्या आठवड्यात तिचे शब्द गेले होते. ओठ मिटलेले असायचे आणि छातीवर हात ठेवला की तळव्याला कंप जाणवायचा.