वतनदार आणि निष्ठावंत

आमच्या जिल्ह्यातील एका व्याख्यानमालेत मागील वर्षी एका विद्वान वक्त्यांनी असा सिद्धान्त मांडला की, 'इंडियन ओशन' या दिल्लीच्या बँडवर पंचवीस-पंचवीस, तीस-तीस वर्षे जीव लावून बसलेल्या श्रोत्यांचे प्रेम हे संगीतावरचे प्रेम नसून स्वतःच्या सरलेल्या तारुण्यावरचे प्रेम होय. कारण १९९० साली ज्या दोघांनी हा संच उभा केला त्या सुश्मित सेन आणि अशीम चक्रवर्ती यांपैकी आज एकही मंचावर नाही, आणि मूळ पुरुष गेल्यावर मागे राहते ती केवळ पाटी. सभागृहाने टाळ्या वाजवल्या. मला त्या टाळ्या बोचल्या, त्या माझ्या एका आवडत्या बँडची उपेक्षा झाली म्हणून नव्हे, तर धाराशिवसारख्या जिल्ह्यात, तुळजापूरच्या पायथ्याशी बसून, परंपरा आणि व्यक्ती यांच्या नात्याविषयी इतके उथळ विधान कोणी करावे आणि ते कोणाला खटकूही नये, याचा मला विषाद वाटला म्हणून.

ज्यांना या बँडचा परिचय नाही त्यांच्यासाठी थोडे सांगणे अवश्य आहे. गिटार, बास आणि ड्रम्स ही रॉकची सामग्री घेऊन, तिच्या जोडीला तबला ठेवून, या मंडळींनी जी गाणी उचलली ती बहुतांशी लोकांच्या मालकीची होती. नर्मदेच्या खोऱ्यात गायिली जाणारी रेवामातेची स्तुती त्यांच्याकडे आली ती राहुल राम यांच्याबरोबर. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठातून पर्यावरणीय विषशास्त्रात डॉक्टरेट घेतलेला हा गृहस्थ नर्मदा बचाव आंदोलनात रमला होता, आणि आपल्या नंदुरबार जिल्ह्यातील मणिबेलीसारखी गावे ज्या पाण्याखाली गेली त्या पाण्याचेच ते गाणे आहे, हे महाराष्ट्राने विसरू नये. २००० सालच्या 'कंदीसा'चे शीर्षकगीत हे केरळातील सिरियाई ख्रिस्ती परंपरेची प्राचीन प्रार्थना. तिच्या भाषेतील एक अक्षरही न समजणारी सहस्रावधी माणसे ती तोंडपाठ म्हणतात. 'डेझर्ट रेन' हे ध्वनिमुद्रण १९९७ च्या पहिल्या दिवशी, सफदर हाश्मी यांच्या स्मृत्यर्थ भरलेल्या मेळाव्यात, उघड्यावर झाले. २०१० मध्ये तर करोलबागेतील ज्या जुन्या घरात तालमी होत त्या घराचा पत्ताच अल्बमचे नाव म्हणून घेऊन, एकेक गाणे दरमहा विनामूल्य श्रोत्यांच्या हवाली करण्यात आले. बाजाराच्या हिशेबात हा व्यवहार आतबट्ट्याचा होता. श्रोत्यांशी असलेल्या नात्याच्या हिशेबात तो चोख होता.

आता तुळजापूरकडे वळतो. आमच्याकडे लग्न झाल्यावर घरी गोंधळ घालतात. चौक भरतात, कलश मांडतात, दिवटी पेटते, आणि मग संबळावर पहिली थाप पडते. गोंधळी जे गातो ते त्याने रचलेले नसते; त्याच्या आज्याच्या आज्याने रचले होते की नाही हेही कोणी विचारत नाही. घराणे बदलत नाही, गोंधळी मात्र पिढीगणिक बदलतो, आणि तरीही यजमान म्हणतो, "आमचा गोंधळी आला." या 'आमचा' शब्दातील हक्क दुहेरी आहे: गोंधळ्याचा यजमानावर आणि यजमानाचा गोंधळ्यावर. हे वतन आहे, आणि वतनाला वतनदाराच्या मृत्यूने बाध येत नाही. याच जिल्ह्यात अणदूर आणि नळदुर्ग-मैलारपूर या दोन ठिकाणी खंडोबाची एकच मूर्ती आलटूनपालटून मुक्काम करते, आणि प्रत्येक स्थलांतराच्या वेळी लेखी करार होतो. स्थान पालटले म्हणून देव दुसरा झाला असे म्हणणारा मनुष्य मला अद्याप भेटलेला नाही.

आणखी एक गोष्ट जवळून पाहण्याजोगी आहे. आराध्यांच्या मेळ्यातील चौंडके पाहा. लाकडाचे पोकळ नळकांडे, त्याच्या एका तोंडाला कातडे, कातड्याच्या मध्यातून निघालेली तात, आणि ते नळकांडे काखेत दाबून वादक ती तात एका हाताने ताणतो व दुसऱ्या हाताने छेडतो. ताण वाढला की स्वर चढतो, सैल पडला की उतरतो, आणि मधल्या क्षणी तो अक्षरशः बोलतो. तुणतुण्याची तार दांडीला आणि खुंटीला बांधलेली असते, चौंडक्याची तात मात्र माणसाच्या हातात असते. या बँडचे ड्रम-वादक अमित किलम गबगुबी नावाचे बंगालचे जे लोकवाद्य वाजवतात ते याच कुळातले. आमच्या येडेश्वरीच्या यात्रेत ज्या माणसाने चौंडके ऐकले आहे त्याला त्या बँडच्या मंचावर गबगुबी वाजू लागताच आपण परमुलखात आहोत असे वाटण्याचे काहीच कारण नाही.

येथे मला डॉ. अशोक दा. रानडे यांचे ऋण मान्य केले पाहिजे. भारतीय संगीताची शास्त्रीय आणि सुगम अशी जी आळशी वाटणी आपण करून ठेवली होती ती मोडून त्यांनी आदिम, लोक, धर्म, कला, जन आणि संगम अशा सहा कोटी सांगितल्या. या वर्गीकरणाचे मोल मला त्याच्या संख्येत दिसत नाही. ते या गोष्टीत दिसते की, प्रत्येक कोटीत गाणाऱ्याचा हेतू काय, ऐकणाऱ्याचे स्थान कोणते आणि दोघांमधील अंतर किती, हे प्रश्न त्यामुळे वेगवेगळे विचारता येतात. आमच्या वक्त्यांची सारी गफलत येथे आहे. त्यांनी जनसंगीताचा मापदंड, म्हणजे ताऱ्याचा चेहरा आणि त्याच्या चाहत्याची स्मृती, हातात घेतला आणि त्याने लोकसंगीताच्या मुळावर उभी असलेली वस्तू मोजली. लोकसंगीतात गाणे गायकाचे नसते, म्हणून गायक गेला तरी गाणे पोरके होत नाही. संगमाच्या कोटीत तर श्रोता एकाच रात्री भक्त असतो, नाचणारा असतो, आणि वीस मिनिटे चाललेल्या गिटारच्या विस्ताराकडे कान लावून बसलेला रसिकही असतो. रानडे २०११ मध्ये गेले. त्यांच्या या विचाराचा जेवढा उपयोग आपल्या सांस्कृतिक वादांत व्हावयास हवा होता त्याच्या शतांशानेही झालेला नाही, हे मी खेदाने नमूद करतो.

एवढ्याने प्रतिपक्ष निरुत्तर होतो असे मात्र मला म्हणवत नाही. २५ डिसेंबर २००९ रोजी अशीम चक्रवर्ती गेले. तबला वाजवता वाजवता गाणारा तो खर्जाचा, मातीतून वर येणारा आवाज पुन्हा होणे नाही. पुढे २०१३ मध्ये सुश्मित सेनही बाहेर पडले. हिमांशु जोशी, तुहीन चक्रवर्ती आणि निखिल राव या नव्या मंडळींनी जागा घेतल्या, परंतु त्यांपैकी कोणीही पहिल्यांचा वारस म्हणून जन्मला नव्हता. गोंधळ्याचा मुलगा गोंधळी होतो, यजमानाला निवड नसते. श्रोत्याला निवड होती. तो घरी बसू शकला असता, जुन्या ध्वनिमुद्रणांवर समाधान मानू शकला असता, आणि काहींनी तसे केलेही. म्हणजे वतनाची उपपत्ती, जी मी इतक्या विस्ताराने मांडली, ती या प्रेमाला अर्धीच लागू पडते.

उरलेले अर्धे मला वतनाहून मोठे वाटते. वतनाची निष्ठा जन्माने मिळते आणि सनदेने टिकते. या श्रोत्यांची निष्ठा प्रत्येक मैफलीत नव्याने दिलेल्या संमतीवर उभी आहे. नवा गायक उभा राहतो, जुन्या माणसाची ओळ येते, आणि ती ओळ एकट्या गायकावर न टाकता समोरचा समुदाय स्वतः उचलतो. त्यात शोक असतो आणि स्वीकारही असतो. गत तारुण्याचा मोह असता तर श्रोत्यांनी नवी गाणी सहनच केली नसती; परंतु २०१४ चे 'तंदानू' आणि २०२३ चे 'तू है' हे अल्बम त्यांनी ऐकले, त्यांवर भांडण केले, काही गाणी डोक्यावर घेतली आणि काही नाकारली. स्मरणरंजनात बुडालेला मनुष्य नव्या गाण्यावर भांडत नाही. ज्याला ती वस्तू अजून जिवंत वाटते तोच भांडतो.

आणि म्हणूनच मला आमच्या जिल्ह्याची चिंता अधिक वाटते. दिल्लीच्या एका बँडला जे श्रोते मिळाले ते आमच्या गोंधळ्यांना मिळत नाहीत. वतन कागदोपत्री आणि मनोमन अजून शिल्लक आहे, पण त्यामागची संमती आटत चालली आहे. लग्नघरी डीजेच्या भिंती उभ्या राहतात, त्यासाठी कर्ज काढले जाते, आणि गोंधळ 'करायचा म्हणून' तासाभरात उरकून गोंधळ्याच्या हातावर चार नोटा टेकवल्या जातात. आख्यान लागण्यापूर्वीच पाहुणे उठतात. गोंधळ्याचा मुलगा संबळ उचलत नाही याचा दोष मग आपण त्या मुलाच्या माथी मारतो. ज्या कलेपुढे कोणी हट्टाने बसत नाही, कोणी तिच्याशी भांडत नाही, ती केवळ जन्मसिद्ध हक्काने किती पिढ्या तगणार?

हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा तुळशीचे लग्न तोंडावर आलेले असेल आणि त्यापाठोपाठ घरोघर मुहूर्त निघतील. ज्यांच्या घरी यंदा कार्य आहे त्यांना माझी विनंती आहे: आपल्या गोंधळ्याला आधी कळवा, त्याची बिदागी मानाने ठरवा, त्याला रात्रभराचा वेळ द्या, आणि घरातल्या तरुण मुलामुलींना सोबत घेऊन आरतीपर्यंत बसा.