मधुकरीचा नेम आणि दारातलं पार्सल

10 किलो कणकेची पिशवी, 5 लिटर तेलाचा डबा, वर गूळ, साबण, शेंगदाणे. हे सगळं मोबाइलवर मागवायचं आणि कोणा पोराने ते पाठीवर घेऊन तीन जिने चढायचे. याचा दोष आपल्याला लागतो का हो? हल्ली पारायणानंतरच्या गप्पांत ज्येष्ठ मंडळी हा प्रश्न काढतात. तरुण माणसं हसतात. ‘पैसे मोजतो ना आपण? त्याचं कामच आहे ते.’ पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. दुसऱ्याच्या पाठीवरचं ओझं ज्याच्या मनाला टोचतं, त्याचं नामस्मरण वाया गेलेलं नाही, असंच मी म्हणेन.

तरी आधी तरुणांचं म्हणणं पाहू, कारण त्यात तथ्य आहे. श्रीगुरुचरित्राच्या बाविसाव्या अध्यायातली गाणगापूरची वांझ म्हैस आपल्याला ठाऊक आहे. श्रीगुरूंनी तिचं दूध मागितलं आणि ती दुभती झाली, एवढंच आपण सांगतो. त्याआधी ती काय करत होती? दात पडलेली ती म्हातारी म्हैस माती वाहायला भाड्याने जात होती आणि त्या दरिद्री ब्राह्मणाच्या घराला त्या भाड्याचा आधार होता. ओझ्यातूनच त्या घरात घास येत होता. तेव्हा ‘मी आता काही मागवणारच नाही’ असं ठरवल्याने कोणाचं भलं होत नाही, त्या पोराची दिवसाची कमाई तेवढी घटते. आणि पंचाहत्तरीच्या आजींनी गुडघे धरत बाजारातून तेलाचा डबा ओढत आणावा, असं कोणत्या शास्त्रात सांगितलं आहे?

मग पैसे दिले की फिटलं? इथे मात्र थांबावं लागतं. हमाली पूर्वीपासून पोत्यावर, वजनावर ठरत आली. बाजारातल्या हमालाच्या पाठीवर एके काळी 100 किलोचं पोतं असे. ते 50 किलोवर यावं म्हणून हमालांना भांडावं लागलं. माथाडी-हमालांसाठी महाराष्ट्रात 1969 साली वेगळा कायदा झाला. ओझ्याला मोल असतं आणि पाठीला मर्यादा असते, हे निदान कागदावर तरी मान्य झालं. घरपोच माल आणणाऱ्या पोराचा हिशेब मात्र पुष्कळ ठिकाणी नगावर असतो. पोथीचं पाकीट एक नग आणि कणकेची पिशवीही एकच नग. आपल्याला मोबाइलवर ‘डिलिव्हरी मोफत’ असं दिसतं. अहो, मोफत कसलं? कोणाच्या तरी गुडघ्यातून ते वसूल होत असतं. जे मोल पैशात उतरलं नाही, तेवढं ऋण आपल्याकडे राहिलं. शतपथ ब्राह्मणात देव, ऋषी आणि पितर यांच्याबरोबर माणसांचंही ऋण सांगितलं आहे. आपण बोलतो ते पहिल्या तिघांचंच.

अवधूताने यदुराजाला आपले 24 गुरू सांगितले, त्यांत भ्रमर आहे. भ्रमर फुलाला न दुखवता थोडं थोडं घेतो, तसं मुनीने घरोघरी थोडं थोडं घ्यावं, कोणत्याही गृहस्थाला पीडा होऊ देऊ नये, असा तो नेम. मधुकरी हा शब्द त्यातलाच. मधुकरी मागून शिकलेली माणसं आपल्यापैकी काहींच्या घराण्यात असतील. तेव्हा देणारा उंबऱ्याच्या आत असे आणि घेणारा बाहेर. आता उंबरा तोच, पण घेणारे आपण आत बसलो आहोत. मग तो नेमही आपल्याकडेच यायला हवा, नाही का?

पीडा कशाने होते हे आपण मनाशी ठरवू नये, त्यालाच विचारावं. कारण हिशेब वाटतो तितका सरळ नाही. 10 किलोऐवजी दोन वेळा 5 किलो मागवलं तर पाठीला बरं, पण जिना दोनदा. नगावर पैसे मिळत असतील तर त्याला कदाचित तेच सोयीचं. पगारी पोस्टमनला मुळीच नाही. तीन साड्या मागवून दोन परत पाठवणं, हे मात्र सरळसरळ कोणाला तरी पुन्हा जिना चढायला लावणं आहे. पत्त्याचंही तसंच. आपल्याकडे पिनकोड 1972 साली आला. त्याची योजना करणारे श्रीराम भिकाजी वेलणकर टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे मोठे पंडित. त्या सहा आकड्यांनी पार्सल बरोबर टपाल कार्यालयापर्यंत येतं. पुढे पोस्टमनचे पाय. इमारतीचं नाव, विंग, मजला लिहायचा कंटाळा करायचा आणि वर फोनही उचलायचा नाही, याने होणारा त्रास कणकेच्या पिशवीपेक्षा कमी नसतो.

‘त्या पोरात दत्त पाहा’ असं कोणी सांगेल. विचार थोर आहे, पण एवढ्याने पिशवीचं वजन छटाकभरही उतरत नाही. उन्हातून आलेल्याला गूळ-पाणी विचारावं, ही आपली जुनी रीत. जरूर विचारावं. मात्र तो घड्याळाकडे पाहत ‘नको काका, उशीर होतोय’ म्हणाला, तर आग्रह धरून त्याला अडवू नये. ज्याचे गुडघे धड आहेत त्याने एक मजला खाली उतरून पिशवी घ्यावी. ज्याचे नाहीत त्याने हातावर 10-20 रुपये ठेवावेत. त्यात दानाचा आव नको. ती राहिलेली हमाली आहे.

एक गोष्ट मात्र मला मोठ्या ऑर्डरपेक्षा कितीतरी जास्त खटकते. काही सोसायट्यांत लिफ्टपाशी पाटी असते की डिलिव्हरीवाल्यांनी लिफ्ट वापरू नये. सामान आपलं, लिफ्ट आपली, आणि चढायचं त्याने! या पाटीखालून आपण रोज पूजेची फुलं घेऊन वर जातो. पीठापूरच्या सुमतीच्या घरी श्राद्ध होतं, ब्राह्मण अजून जेवायचे होते, तरी दारी आलेल्या अतिथीला तिने आधी वाढलं. केवढा रूढ नेम बाजूला ठेवला त्या माउलीने! आपल्याला तर भिंतीवरची एक पाटी उतरवायची आहे. सोसायटीच्या सभेत विषय काढायला शेजारचे दोघे-तिघे बरोबर असले तरी पुरे.