कुंडींतील सूर्यफूल

ज्यांच्या शेतांत सूर्यफुलाचें पीक उभें राहतें त्यांस तें कुंडींत लावण्याची गोष्ट पोरखेळ वाटेल. परंतु पुणें शहरांत माती आतां पायाखालीं सांपडत नाहीं. पेठांतील कित्येक वाडे पडून तेथें उंच इमारती झाल्या, आणि ज्यास झाड लावावयाचें त्यास गच्ची अथवा सज्जा एवढेंच शेत उरलें. तेथें तेलाच्या रिकाम्या डब्यांत व रंगाच्या बादल्यांत हीं फुलें उभीं असलेलीं आम्ही पाहतों.

आपल्या मंडळ्यांतील किती घरांतून मुलें ह्याच शहरीं कामास गेलीं आहेत! आईबाप आम्हांस विचारितात, "पाळकसाहेब, एका खोलींत चौघे जण राहतात, तेथें कसली प्रार्थना आणि कसलें शास्त्रवाचन?" ह्या प्रश्नाचें उत्तर आम्हांस त्या डब्यांत दिसतें.

पेरणाऱ्याच्या दाखल्यांत खडकाळीवर पडलेलें बीं लवकर उगवलें व ऊन चढतांच करपलें. दोष उन्हाचा नव्हता. तेथें माती खोल नव्हती. जागा अरुंद होती, असें प्रभूनें म्हटलेलें नाहीं. हा भेद ध्यानांत धरावा. सूर्यफुलाचें सोटमूळ सरळ खालीं जातें. पसरट परातींत तें अडतें. पण फूटभर रुंद व तितकीच खोल कुंडी ठेंगण्या जातीस पुरते. माणसाहून उंच जाणाऱ्या जातीस मात्र मोठें पिंपच पाहिजे. खोलीच्या चार भिंती मागें सारतां येत नाहींत, परंतु निजण्यापूर्वींची पाव घटका खोल करितां येते.

कित्येक जण गांवची काळी माती पोत्यांत भरून प्रेमानें आणितात. ती एकटी कुंडींत भरली तर पाण्यानें चिखल आणि उन्हानें वीट होते. तींत कुजलेलें शेणखत व पालापाचोळ्याचें खत मिसळावें. तसेंच गांवची चाल जशीच्या तशी शहरांतील खोलींत चालेल, असा हट्ट धरूं नये. कुंडीच्या तळास भोंक असावें, नाहीं तर मुळें कुजतात. पुष्कळ ऐकून कोणासच कांहीं न देणाऱ्यांची गतही अशीच होते, पण तो विषय निराळा.

रोप एकीकडून उपटून दुसरीकडे लावण्यापेक्षां बीं जागींच इंचभर खोल पेरावें. दोन-तीन उगवलीं तर सशक्त तेवढें एक राखावें. इतकें केल्यावर पुष्कळ जण एक चूक करितात: फुलाचें तोंड घराकडे यावें म्हणून कुंडी रोज फिरवितात.

कोवळें सूर्यफूल सूर्यामागें वळतें, हें सर्वांस ठाऊक आहे. दिवसां देठाची पूर्वेकडील बाजू अधिक वाढते, म्हणून शेंडा पश्चिमेस कलतो. रात्रीं पश्चिमेकडील बाजू अधिक वाढते आणि पहांट होण्यापूर्वींच तो पूर्वेस तोंड करून उभा राहतो. कॅलिफोर्नियांतील संशोधकांनीं २०१६ सालीं 'सायन्स' ह्या नियतकालिकांत प्रसिद्ध केलें कीं, कुंडींतील झाडें रोज फिरवून ठेविलीं तेव्हां त्यांच्या पानांचा विस्तार सुमारें दहा टक्क्यांनीं घटला. पाणी तेंच, माती तीच. केवळ पहांटे तोंड भलत्या दिशेस.

आईबापहो, येथें आम्हांस स्पष्ट बोलूं द्या. "ह्या महिन्यांत नोकरी सोड, पुढच्या महिन्यांत परत जा, त्या मंडळींत बसूं नको, ह्या मंडळींत बस," असें फोनवरून दर आठवड्यास सांगणें म्हणजे कुंडी फिरविणेंच होय. मुलगा जेथें आहे तेथें त्यास सूर्य ओळखूं द्या. पूर्ण उमललेलें फूल वळणें सोडून देतें व पूर्वेकडेच पाहत राहतें. सकाळच्या उन्हानें तें लवकर ऊबदार होतें. त्याच शोधांत असें दिसलें कीं, पश्चिमेकडे वळविलेल्या फुलांच्या पांचपट मधमाशा पूर्वेकडील फुलांवर आल्या.

ज्यांस पूर्वेकडील सज्जा आहे त्यांनीं कुंडी तेथेंच ठेवावी. सहा तास तरी ऊन मिळालें पाहिजे. पुण्याच्या वैशाखांत पत्र्याचा डबा फार तापतो, म्हणून त्यास ओलें गोणपाट गुंडाळावें. दाणे भरूं लागतांच पोपट येतात. फुलाची पाठ पिंवळी होऊं लागली कीं त्यावर विरळ कापड बांधावें, आणि बिया सुकल्यावर त्यांतील मूठभर, गांवीं जाणाऱ्या कोणाबरोबर तरी, आईकडे पाठवाव्या.